डावीकडे पाहणारा ससाणा

गालिच्यांच्या त्या कारखान्यात बोलायला बंदी होती आणि एक माणूस मात्र दिवसभर बोलत असे. त्याचं कामच ते होतं. दोन पुरुष उंच असा माग उभा. त्याच्या एका बाजूला फळीवर सात विणकर बायका ओळीने बसायच्या आणि दुसऱ्या बाजूला उंच स्टुलावर तो, हातात नक्षीचा कागद घेऊन. "पहिली, दोन लाल, एक काळी. दुसरी, तीन निळ्या." ज्या बाईची पाळी ती गाठ मारायची, सुरीने लोकर कापायची आणि "झाली" म्हणायची. नक्षी फक्त त्यालाच दिसायची. डोळ्याने विणायचं नाही, कानाने विणायचं, हा तिथला कायदा. त्याला सगळे सांगणारा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं काहीतरी नाव असणारच, पण ते कुणी कधी वापरलेलं ऐकलं नव्हतं.

चौथ्या जागेवरची बाई तीन वर्षांपूर्वी आली होती. सैनिकाची विधवा, असं तिने सांगितलं आणि मालकाने फार खोलात न जाता ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी तिला विहिरीवर पाठवलं, तर दोर हातात धरून ती बादलीकडे बघत उभी राहिली. बादली आपणहून वर येणार अशीच तिची समजूत दिसत होती. बायकांनी पोट धरधरून हसून घेतलं आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं राणीसरकार. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्याला ओळखलं असंच तिला वाटलं. मग ही नुसती थट्टा आहे हे कळलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

कारण ती खरोखरच किल्लेदाराची थोरली मुलगी होती. तिचं लग्न सीमेपलीकडच्या जहागीरदाराशी ठरलं होतं. त्याच्या दोन बायका आधी वारल्या होत्या आणि त्या कशाने गेल्या हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. बोलणी करायला तो किल्ल्यावर आला, तेव्हा थोरलीने त्याला सज्जातून पाहिलं. अंगणात एक घोडा बिथरला होता. जहागीरदाराने त्याला चाबकाने मारत मारत गुडघ्यांवर आणलं, रुमालाने हात पुसले आणि ताटं कधी वाढणार म्हणून विचारलं. आठ दिवसांनी थोरली दासीचे कपडे घालून भर दुपारी मोठ्या दरवाजातून बाहेर पडली. पहारेकऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दासीकडे कोण बघतो?

कारखान्यात पहिले दोन महिने तिची बोटं लोकरीच्या रंगाने लाल आहेत की रक्ताने, ते सांगता येत नसे. तिसऱ्या जागेवरच्या मावशीने तिला गाठ शिकवली, फणी कशी आपटायची ते शिकवलं आणि रडायचं असेल तर लोकरीच्या कोठारात जाऊन रड, तिथून आवाज बाहेर जात नाही, हेही सांगून ठेवलं. बोलायला बंदी आहे हे तर थोरलीच्या पथ्यावरच पडलं. तोंड उघडलं की किल्ला बाहेर पडायचा. ते तोंड तिने इतकं मिटून घेतलं, की तीन वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि या तीन वर्षांत तिने एक भलताच उद्योग केला. ती सांगणाऱ्याच्या प्रेमात पडली. तसं त्याच्यात बघण्यासारखं काय होतं? मागाच्या ताण्याचे दोरे मधे असायचे. त्यांच्या फटींतून त्याचा चेहरा उभ्या चिरफळ्यांत दिसायचा, एकदा कान, एकदा अर्धी भुवई. दुपारी सगळे हात धुवायला विहिरीवर जायचे तेव्हा तो अख्खा दिसायचा. उंच, थोडा वाकलेला, शर्टाच्या बाहीवर कायम शाईचा डाग. पण आवाज! तो आवाज दिवसाचे दहा तास तिच्या कानात असायचा. पहिलीला, दुसरीला, तिसरीला तो सांगायचा तसंच चौथीलाही सांगायचा. तरी "चौथी" म्हणण्याआधी तो किंचित थांबतो, असं तिला वाटायचं. आपल्याला नुसतं वाटतंय की खरंच थांबतो, यावर तिने किती विचार केला असेल त्याला गणती नाही. अंथरुणावर पडली की ती मनाशीच "चौथी" म्हणून बघायची आणि स्वतःवरच चिडायची. एवढा मोठा जहागीरदार नाकारून आलेली ही बाई, दोन लाल एक काळी ऐकायला पहाटे पहाटे उठून बसत होती.

चौथं वर्ष लागलं आणि एका सकाळी किल्ल्याचा कारभारी कारखान्यात आला. थोरलीने त्याचा खोकला ऐकला मात्र, ती लोकरीच्या कोठारात जाऊन गठ्ठ्यांच्या मागे बसली. दार अर्धवट उघडंच होतं, तिथून सगळं ऐकू येत होतं. किल्ल्याच्या दिवाणखान्यासाठी मोठा गालिचा हवा होता. मधोमध दोन्ही घराण्यांची चिन्हं, इकडे किल्लेदारांचा ससाणा आणि तिकडे जहागीरदारांची कट्यार. गालिचा आला की पंधरा दिवसांत लग्न उरकायचं. कुणाचं, म्हणून मालकाने विचारलं. धाकट्या बाईसाहेबांचं, कारभारी म्हणाला. थोरल्या वारल्या, तुम्हाला ठाऊकच असेल.

आपण मेलो हे तिला त्या गठ्ठ्यांच्या मागे कळलं. पण त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. धाकटीचं वाटलं. ती पळाली तेव्हा धाकटी चौदा वर्षांची होती, वीज कडाडली की थोरलीच्या पांघरुणात शिरणारी. आपण पळालो म्हणजे ते लग्न मोडलं, असं थोरली इतके दिवस धरून चालली होती. त्यांनी ते नुसतं धाकटी मोठी होईपर्यंत राखून ठेवलं होतं. आपली जागा आपण रिकामी केली आणि तीत आपल्याच बहिणीला बसवायला निघाले, हे तिच्या डोक्यात तीन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. याची तिला इतकी लाज वाटली, की मावशी शोधत आली तरी ती गठ्ठ्यांच्या मागून बाहेर आली नाही.

माग लागला. महिनाभर नुसती किनार चालली होती. मग मधला भाग आला आणि ससाणा नेमका चौथीच्या वाट्याला आला. पाय झाले, छाती झाली. डोकं आलं त्या दिवशी थोरली आदल्या रात्रभर जागी होती. सांगणारा सांगत होता, ती गाठी मारत होती, "झाली" म्हणत होती आणि मन धाकटीपाशी होतं. लहानपणी तिच्या उशीवर हाच ससाणा होता, बाबांच्या खोगिरावर होता, जेवणाच्या ताटांवर होता. हातांना तो पाठ होता. हातांनी कानाचं ऐकलंच नाही.

संध्याकाळी काम थांबलं की सांगणारा कागद घेऊन या बाजूला यायचा आणि दिवसाची वीण तपासायचा. त्या दिवशी तो चौथीपाशी आला आणि उभाच राहिला. कागदावरचा ससाणा उजवीकडे बघत होता. गालिच्यावरचा डावीकडे. एखादी गाठ चुकते, एखादी ओळ चुकते. पण अख्खं डोकं उलटं आणि तेही इतकं रेखीव, अशी चूक त्याने आजवर पाहिली नव्हती. तो काही न बोलता मालकाच्या खोलीत गेला. खिळ्याला किल्ल्याचं पत्र अडकवलेलं होतं, खाली लाखेची मोहोर. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मोहोरेवरचा ससाणा डावीकडे बघत होता. नक्षी काढणाऱ्याने तो उलटा उतरवला होता. सैनिकाच्या विधवेने मात्र सुलटा विणला होता.

तेवढ्यात मालक आला, कारण सातही बायका फळीवरच बसून होत्या आणि हे काही बरं लक्षण नव्हतं. त्याने कागद पाहिला, गालिचा पाहिला आणि त्याचा पारा चढला. कुणाचे हे प्रताप, म्हणून तो चौथीकडे वळला.

"मी तसं सांगितलं," सांगणारा म्हणाला. "कागद चुकलाय. मोहोर बघून मी बदलून सांगितलं."

त्याने तसं सांगितलं नव्हतं, हे सातही जणींनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. कानाने विणणाऱ्या बायका त्या. पण मावशीने सुरी पुसत पुसत मान डोलावली, हो, तसंच सांगितलं म्हणाली, आणि मग बाकीच्यांनीही तसंच म्हटलं. मालकाने सांगणाऱ्याची पाठ थोपटली. किल्ल्यासमोर नाक कापलं जायचं होतं ते तू वाचवलंस, म्हणाला. खोट्या शाबासकीने सांगणाऱ्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला गच्चीवर भेटला. रंगवलेल्या लोकरीच्या लडी तिथे दोऱ्यांवर वाळत घातलेल्या असत आणि त्या उलटायचं काम तिच्याकडे होतं. तीन वर्षांत ती दोघं पहिल्यांदाच अशी एकटी उभी होती.

"तुम्ही," तो एवढंच म्हणाला.

"कालपर्यंत मी तू होते," ती म्हणाली.

"कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं." त्याने एक लड उगाच सारखी केली. "माझा भाऊ बंदरावर असतो. तिथेही माग आहेत. उद्या निघालो तर चार दिवसांत पोहोचू. तिथे तुम्हाला कुणी ओळखणार नाही. हा गालिचा उतरला की मी विचारणारच होतो. एका सैनिकाच्या विधवेला विचारणार होतो. तुम्हाला विचारायची माझी लायकी नाही, पण आता तोंडातून निघून गेलंय."

तिच्या अगदी जिभेवर "हो" आलं होतं. एवढ्याचसाठी ती तीन वर्षं कान देऊन बसली होती आणि आता तो आवाज तिच्याशी बोलत होता, रंग सोडून दुसरं काहीतरी. पण तिने सांगितलं ते धाकटीचं. सगळं सांगितलं, घोड्याचं, दोन बायकांचं, आपल्या मरणाचं. आत्ता एकटी किल्ल्यावर गेले तर गुपचूप कोंडून ठेवतील आणि लग्न लावतील, म्हणाली. दोन्ही घरची माणसं दिवाणखान्यात जमतील त्या दिवशीच जायला हवं. गालिचा पसरायला आणि कडा कातरायला एक विणकर बरोबर जाते, ती मी असायला हवी.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि मी विचारलं त्याचं?"

ती गप्प राहिली. हो म्हटलं की आपले पाय किल्ल्याकडे वळायचे नाहीत, एवढं तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. पण तेही तिला सांगता येईना. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि त्याच्या जागी कुठल्याही शहाण्या माणसाने जो अर्थ काढला असता तोच काढला. बरोबर आहे, असं म्हणून तो जिना उतरून गेला.

त्यानंतर तो हळू सांगायला लागला. ओळीला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दीडपट, मग दुप्पट. प्रत्येक रंगानंतर थांबायचा, कागद डोळ्यांजवळ न्यायचा, उगाच खोकायचा. गालिचा जितका लांबेल तितका धाकटीचा दिवस लांबत होता, आणि थोरली चौथ्या जागेवर राहत होती. दोघांपैकी कशासाठी तो हे करतोय, हे तिला कळत नव्हतं. विचारायचं कसं? मालक म्हणाला, घसा बसलाय का तुझा, औषध घे. सांगणारा म्हणाला, घेतो. मावशी खालमानेने हसली आणि तीही फणी हळू आपटायला लागली. अशी अडीच महिन्यांची वीण त्यांनी पाच महिने पुरवली. रोज संध्याकाळी थोरली विणलेल्या भागावरून हात फिरवायची. अजून किती उरलंय ते बघायची आणि एक वीतभर कमी झालेलं दिसलं की तिला जेवण जायचं नाही. स्वतःच्या हातांनी आपण हे संपवतोय, असं तिला वाटत राहायचं.

गालिचा उतरला. बरोबर कोण जाणार, म्हणून मालकाने विचारलं. "चौथी," सांगणारा म्हणाला. या वेळी तो आधी थांबला नाही.

सकाळी गाडीत गालिचा चढवताना दोर त्यानेच बांधले. सगळे आजूबाजूला उभे होते. त्याने तिला सांगितलं, की पसरल्यावर पहिले दोन दिवस त्यावर जड सामान ठेवू देऊ नका. ती म्हणाली, बरं. मग दोराची शेवटची गाठ आवळत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मीही उद्या निघतोय. भावाकडे. ती जागा रिकामी बघवणार नाही."

गाडी हलली. ती गालिच्याला पाठ टेकून बसली होती आणि शहर संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. मावशीने सांगितलेलं लोकरीचं कोठार आता मागे राहिलं होतं, म्हणून ती गाडीतच रडली. गाडीवानाने रस्त्यावरून नजर काढली नाही, बिचारा भला माणूस.

तीन दिवसांनी गाडी किल्ल्यावर पोहोचली. दिवाणखाना होता तसाच होता. तिने डोक्याला फडकं गच्च बांधलं होतं आणि गुडघ्यांवर बसून कात्रीने कड सारखी करत होती. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले. केस पांढरे झाले होते. जहागीरदार आला, त्याचे भाऊबंद आले, कारभारी आला. धाकटीला आणून बसवलं. ती उंच झाली होती आणि खाली बघत होती, म्हणूनच तिला आधी थोरलीचे हात दिसले, मग चेहरा. तिचा रंग उडाला, पण तिने ओठ घट्ट दाबून धरले. शाबास, थोरलीने मनात म्हटलं, आणि उठून फडकं सोडलं.

बाबांना बसायला खुर्ची सापडेना. कारभाऱ्याची तर पाचावर धारण बसली. थोरलीने ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. मी जिवंत आहे, तीन वर्षं मजुरी करून पोट भरलंय, हा गालिचा मी विणलाय, हे माझे हात बघा. ज्या घरची थोरली मुलगी विणकर झाली त्या घरची धाकटी तुम्हाला चालणार आहे का?

जहागीरदार हसला. पोरकटपणा झाला, होतं असं, म्हणाला. त्याला थोरलीशी काही देणंघेणं नव्हतं. हिला एका खोलीत ठेवा, लग्न धाकटीशी आहे. भाऊबंदांनी माना डोलावल्या. बाबांनी सुटकेचा श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला.

थोरलीकडचं सगळं बोलून संपलं होतं. तिने धाकटीकडे पाहिलं. मग तिला आठवलं, की सांगणारा आज कारखान्यात नाही. बंदराच्या वाटेला लागून त्याला दोन दिवस झाले असतील आणि त्या वाटेवर त्याला कुणी शोधू शकणार नाही. आता बोलायला हरकत नव्हती.

"मी तिथे एका माणसाची झालेय," ती म्हणाली. "बायको म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तो मजूर आहे. त्याचं खरं नावसुद्धा मला ठाऊक नाही. पण रोज सकाळी मी त्याचा आवाज ऐकायला उठत होते आणि उरलेल्या जन्मात दुसऱ्या कुणाची होणार नाही. हे मी बाजारात उभी राहून सांगेन, तुमच्या गावातही येऊन सांगेन. तुमच्या सोयरिकीत हे बसत असेल, तर लावा लग्न."

जहागीरदाराच्या वडीलधाऱ्या चुलत्याने कानांवर हात ठेवले आणि तो उठला. मग एकेक करत बाकीचे उठले. शेवटी जहागीरदारही उठला, कारण भाऊबंदांशिवाय नवरदेव होता येत नाही. नव्या गालिच्यावर पायताणांचे ठसे उमटवत ते सगळे निघून गेले.

बाबांनी तिला मारलं नाही. ते तिच्याशी बोललेही नाहीत. त्यांनी तिला वरच्या खोलीत नेऊन बाहेरून कुलूप लावायला सांगितलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. जिवंत असेपर्यंत ती किल्ली ते काढणार नाहीत, हे थोरली त्यांना जितकं ओळखत होती त्यावरून तिला कळलं.

संध्याकाळी दारापाशी पावलं वाजली. धाकटी बाहेर जमिनीवर बसली होती. बराच वेळ नुसतं तिचं रडणं ऐकू येत होतं.

"ताई, ते सगळं माझ्यासाठी बोललीस ना?" तिने विचारलं. "लग्न मोडावं म्हणून?"

"बायको म्हटलं तेवढं खोटं," थोरली म्हणाली. "बाकीचं खरं."

धाकटी दाराकडे सरकली. मग दाराच्या फटीशी तोंड आणून तिने हळूच विचारलं, "त्यांना ठाऊक आहे?"

"नाही," थोरली म्हणाली. "त्यांनी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी बोलले नाही."